वॉलेस कॅरोदर्स

वॉलेस ह्यूम कॅरोदर्स (२७ एप्रिल १८९६ – २९ एप्रिल १९३७) हे अमेरिकन कार्बनी रसायनशास्त्रज्ञ होते. व्यापारी यश मिळालेला पहिला पूर्णतः संश्लेषित वस्त्रतंतू म्हणजे नायलॉन. त्याचे जनक म्हणून ते सर्वसामान्यांना परिचित आहेत. निओप्रीन हे कृत्रिम रबरही त्यांच्याच संशोधन गटाची निर्मिती होय. तथापि रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांचे स्थान या दोन वस्तूंपेक्षा मोठे आहे. कापूस, रेशीम, रबर यांसारखे पदार्थ प्रचंड लांबीच्या रेणूंचे बनलेले असतात आणि असे रेणू प्रयोगशाळेतील नेहमीच्या अभिक्रियांनी एकेक पायरी चढत घडवता येतात, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. विद्वत्सभांतून हे सिद्धान्त मांडण्याचे काम मात्र त्यांना आयुष्यभर जाचक वाटत राहिले.

बालपण व शिक्षण

कॅरोदर्स यांचा जन्म आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. चार भावंडांत ते थोरले. वडील डे मॉइन येथील एका वाणिज्य महाविद्यालयात अध्यापक होते आणि मुलाने प्रथम त्याच महाविद्यालयात हिशेबनीसाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. १९१५ मध्ये ते मिसूरीतील टार्किओ महाविद्यालयात विज्ञान शिकण्यासाठी दाखल झाले. खर्च भागवण्यासाठी तेथील वाणिज्य विभागात ते शिकवीतही असत. पुढे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर्थर पार्डी अन्यत्र गेले. पहिल्या महायुद्धामुळे नवा अध्यापक मिळेना, तेव्हा महाविद्यालयाने हा विषय शिकवण्याचे काम विद्यार्थी असलेल्या कॅरोदर्स यांच्याकडेच सोपवले. विद्यार्थी आणि शिक्षक ही दोन्ही नाती एकाच वर्गात निभावण्याची ही वेळ क्वचितच कोणावर येते.

१९२० मध्ये पदवी मिळवून ते इलिनॉय विद्यापीठात गेले. तेथे १९२१ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. मधले एक वर्ष त्यांनी साउथ डकोटा विद्यापीठात पार्डी यांच्यासमवेत अध्यापन केले आणि १९२४ मध्ये रॉजर ॲडम्स यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. ॲडम्स हे पुढे त्यांचे स्नेही आणि चरित्रलेखकही झाले. १९२६ पासून कॅरोदर्स हार्वर्ड विद्यापीठात कार्बनी रसायनशास्त्र शिकवू लागले.

विद्यापीठातून उद्योगाकडे

विल्मिंग्टन येथील ड्यू पाँट या रसायन कंपनीचे चार्ल्स स्टाइन यांनी १९२७ मध्ये एक अपूर्व प्रस्ताव मान्य करून घेतला. कंपनीने कोणत्याही तात्काळ नफ्याची अपेक्षा न ठेवता मूलभूत संशोधनासाठी पैसा खर्च करावा, असा तो प्रस्ताव होता. त्यासाठी स्टाइन यांना नामांकित प्राध्यापक हवे होते. ते मिळाले नाहीत, म्हणून तिशीतल्या कॅरोदर्स यांना विचारणा झाली. त्यांनी आधी नकार दिला. आपल्याला अधूनमधून मानसिक अस्वास्थ्याचे झटके येतात आणि उद्योगाच्या वातावरणात ते अधिक त्रासदायक ठरतील, हे त्यांनी पत्राने स्पष्ट कळवले होते. नोकरी मिळवण्याच्या वेळी असा प्रांजळपणा दाखवणारा उमेदवार विरळाच. कंपनीने पगार वाढवला, संशोधनाचे स्वातंत्र्य देऊ केले आणि ६ फेब्रुवारी १९२८ रोजी कॅरोदर्स विल्मिंग्टनला रुजू झाले. ज्ञानाच्या या नव्या इमारतीला कंपनीतील इतर लोक थट्टेने शुद्धतेचे सभागृह म्हणत.

महारेणूंचा प्रश्न

त्या काळी रबर, सेल्युलोज, प्रथिने यांच्या घटनेविषयी दोन पक्ष होते. हे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे कसल्याशा गूढ आकर्षणाने जमलेले पुंजके आहेत, असे बहुसंख्य रसायनज्ञ मानीत. उलट जर्मनीतील हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० पासून असा आग्रह धरला होता की, येथे हजारो अणू नेहमीच्याच रासायनिक बंधांनी जोडलेले असून प्रत्येक साखळी हा एक महारेणू आहे. या मतावर बरीच टीका झाली होती.

श्टाउडिंगर यांनी निसर्गातील पदार्थ तपासून आपला पक्ष मांडला. कॅरोदर्स यांनी दुसरी वाट निवडली. ज्या अभिक्रियेविषयी कोणालाच शंका नाही अशी अभिक्रिया घ्यायची आणि तिच्याच पुनरावृत्तीने साखळी वाढवत न्यायची, अशी त्यांची योजना होती. आम्ल आणि अल्कोहॉल यांच्या संयोगातून एस्टर तयार होते व पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, हे महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. दोन्ही टोकांना आम्लगट असलेला रेणू आणि दोन्ही टोकांना अल्कोहॉलगट असलेला रेणू घेतला, तर प्रत्येक जोडणीनंतर पुढच्या जोडणीसाठी टोके मोकळीच राहतात. दोन्ही हात पसरून उभी असलेली माणसे एकमेकांचे हात धरत जावीत, तशी ही साखळी लांबत जाते. अशा रीतीने बनलेल्या बहुवारिकांना संघनन बहुवारिके आणि पाणी बाहेर न टाकता बनणाऱ्यांना समावेशन बहुवारिके म्हणावे, हे १९२९ मध्ये त्यांनी केलेले वर्गीकरण आजही पाठ्यपुस्तकांत शिकवले जाते.

प्रसिद्ध जर्मन रसायनज्ञ एमिल फिशर यांनी संश्लेषणाने गाठलेला रेणुभार ४,२०० च्या आसपास होता. कॅरोदर्स यांनी तो ओलांडला, पण ५,००० ते ६,००० च्या पुढे साखळी वाढेना. बाहेर पडणारे पाणीच साखळी पुन्हा तोडत असावे, असे त्यांच्या लक्षात आले. म्हणून अतिशय कमी दाबाखाली पाण्याचे रेणू उडवून लावणारे ऊर्ध्वपातन उपकरण वापरण्यात आले. एप्रिल १९३० मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांना १२,००० हून अधिक रेणुभाराचे पॉलिएस्टर मिळाले. वितळलेल्या पदार्थात काडी बुडवून ती वर ओढली, तेव्हा तिच्याबरोबर बारीक तंतू निघाला. तो थंड झाल्यावर आणखी ताणला असता मूळ लांबीच्या कित्येक पट लांबला आणि तुटण्याऐवजी अधिकच बळकट व चमकदार झाला. ताणल्यामुळे अस्ताव्यस्त पडलेले रेणू धाग्याच्या दिशेने एकमेकांशेजारी समांतर येतात, हे त्याचे कारण. कृत्रिम तंतूंच्या कारखान्यांत ताणण्याची ही क्रिया आजही अनिवार्य असते.

योगायोगाने निओप्रीनचा शोधही त्याच महिन्यातला. त्याचे मूळ एका व्याख्यानात आहे. १९२५ मध्ये रॉचेस्टर येथील एका परिसंवादात नोत्र दाम विद्यापीठाचे धर्मगुरू-रसायनज्ञ ज्युलियस न्यूलँड यांनी ॲसिटिलीनवरील संशोधन मांडले. श्रोत्यांत ड्यू पाँटचे एल्मर बोल्टन होते. त्यातून सुरू झालेले काम पुढे कॅरोदर्स यांच्या गटाकडे आले आणि अर्नोल्ड कॉलिन्स यांना क्लोरोप्रीनपासून रबरासारखा उसळणारा पदार्थ मिळाला. तेल आणि उष्णता यांना तो नैसर्गिक रबरापेक्षा अधिक दाद देत नसे.

व्यासपीठावरील कॅरोदर्स

या शोधांमुळे कॅरोदर्स यांना ठिकठिकाणच्या विद्वत्सभांची निमंत्रणे येऊ लागली. त्यांचे लेखन नितळ आणि काटेकोर असे. बहुवारिकीकरणावरील त्यांचा १९३१ चा विस्तृत आढावा त्याची साक्ष आहे. परंतु सभेपुढे उभे राहणे त्यांना असह्य होई. १९३१ च्या अखेरीस न्यू हेवन येथील कार्बनी रसायनाच्या परिसंवादात त्यांचे भाषण श्रोत्यांना आवडले. त्याआधीचे कित्येक आठवडे मात्र भाषणाच्या धास्तीने वाया गेले आणि प्रत्यक्ष प्रसंगी मन स्थिर ठेवण्यासाठी आपल्याला बरेच मद्य घ्यावे लागले, असे त्यांनी एका मैत्रिणीला पत्रातून कळवले होते. बुजरेपणा म्हणून याची बोळवण करता येणार नाही. तरुणपणापासून त्यांना जडलेल्या नैराश्याच्या विकाराचेच ते एक रूप होते. त्यावर परिणामकारक औषध त्या काळात उपलब्ध नव्हते.

सप्टेंबर १९३५ मध्ये फॅरडे सोसायटीने केंब्रिज येथे बहुवारिकीकरणावर चर्चासत्र भरवले. युरोपातील या विषयाचे अग्रणी अभ्यासक तेथे जमले होते. कॅरोदर्स यांनी तेथे सादर केलेल्या निबंधात पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे समीकरण आहे. एकूण गटांपैकी किती गटांची अभिक्रिया पूर्ण झाली, यावरून साखळीची सरासरी लांबी त्यात काढता येते. ९५ टक्के गट जोडले गेले तर साखळीत सरासरी २० दुवे असतात. ९९ टक्क्यांना १०० आणि ९९.५ टक्क्यांना २०० दुवे होतात. इतर अभिक्रियांत ९५ टक्के उत्पादन म्हणजे उत्तम यश. येथे मात्र त्यातून धागादेखील निघत नाही. पाणी पूर्णपणे काढून टाकणे, कच्चा माल अत्यंत शुद्ध असणे आणि दोन्ही घटकांचे प्रमाण तंतोतंत समान असणे या अटी वस्त्रतंतूंच्या उद्योगाने पुढे का पाळल्या, याचे उत्तर या साध्या आकडेमोडीत आहे.

नायलॉन

हिल यांचे पॉलिएस्टर तंतू कमी तापमानाला वितळत, त्यामुळे ते कापडासाठी निरुपयोगी होते. १९३० मध्ये स्टाइन यांच्या जागी आलेले बोल्टन यांना विक्रीयोग्य वस्तू हवी होती. त्यांच्या आग्रहावरून १९३४ मध्ये कॅरोदर्स पुन्हा तंतूंकडे वळले. अल्कोहॉलऐवजी अमाइन वापरले तर मिळणारी पॉलिअमाइडे अधिक उष्णता सहन करतील, ही त्यांची अटकळ खरी ठरली. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्यांच्या मार्गदर्शनाखाली जेरार्ड बर्शे यांनी हेक्झामिथिलीन डायअमाइन आणि ॲडिपिक आम्ल यांपासून पॉलिअमाइड तयार केले. दोन्ही घटकांत सहा-सहा कार्बन अणू असल्याने ते ६-६ या आकड्यांनी ओळखले जाऊ लागले. कॅरोदर्स यांना स्वतःला दुसरे एक पॉलिअमाइड अधिक पसंत होते. परंतु ६-६ चे दोन्ही घटक बेंझीनपासून बनवता येत असल्यामुळे बोल्टन यांनी त्याची निवड केली. व्यवहाराच्या दृष्टीने बोल्टन यांचा निर्णय अचूक होता, हे मान्य करावे लागते. आम्ल व अमाइन यांचे आधी लवण बनवले की घटकांचे समप्रमाण आपोआप साधते, ही सोयही उत्पादनास मोठी उपकारक ठरली.

अखेरची वर्षे

फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅरोदर्स यांचा विवाह ड्यू पाँटच्याच पेटंट विभागातील हेलन स्वीटमन यांच्याशी झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. उद्योगात काम करणाऱ्या कार्बनी रसायनज्ञाला हा मान प्रथमच मिळत होता. जग त्यांना अग्रगण्य मानीत असताना आपल्या कल्पना आटल्या आहेत आणि आपण वैज्ञानिक म्हणून अपयशी ठरलो आहोत, ही भावना त्यांच्या मनातून जाईना. त्या उन्हाळ्यात त्यांना फिलाडेल्फियातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. त्यानंतर मित्रांसमवेत आल्प्समध्ये केलेल्या भ्रमंतीनेही फरक पडला नाही. जानेवारी १९३७ मध्ये त्यांची लाडकी बहीण इझोबेल न्यूमोनियाने वारली. अमेरिकेच्या नभोवाणीवरील एका लोकप्रिय विनोदी त्रयीतील ती कलावंत होती. हा आघात ते पचवू शकले नाहीत. ९ एप्रिल १९३७ रोजी पॉलिअमाइड तंतूंच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला आणि २९ एप्रिल रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात त्यांनी आत्महत्या केली. त्यांची कन्या जेन हिचा जन्म त्यानंतर सात महिन्यांनी झाला.

मृत्यूनंतर

नायलॉन हे नाव कॅरोदर्स यांच्या कानी कधीच पडले नाही. ते नंतर ठरवण्यात आले. न्यूयॉर्क आणि लंडन यांच्या आद्याक्षरांवरून ते बनले, ही लोकप्रिय व्युत्पत्ती निराधार आहे. २७ ऑक्टोबर १९३८ रोजी स्टाइन यांनी या तंतूची घोषणा केली. त्यासाठी विद्वत्परिषद न निवडता न्यूयॉर्कमधील महिला मंडळांच्या मेळाव्याचे व्यासपीठ निवडले गेले, कारण पहिला मोठा ग्राहक तेथे होता. जपानी रेशमाचे मोजे महाग पडत आणि लवकर उसवत. १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर नायलॉनच्या मोज्यांची विक्री सुरू झाली व दुकानांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्या महायुद्धात हा तंतू हवाईछत्र्या व दोरखंड यांकडे वळवण्यात आला. पुढील दशकांत कोकण किनाऱ्यावरील सुती जाळ्यांची जागाही नायलॉनच्या जाळ्यांनी घेतली.

श्टाउडिंगर यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९३४ मध्ये कॅरोदर्स यांच्या गटात दाखल होऊन त्यांच्याच प्रेरणेने बहुवारिकांचे गणित अभ्यासू लागलेले पॉल फ्लोरी १९७४ मध्ये त्याच सन्मानाचे मानकरी झाले. मरणोत्तर पारितोषिक देण्याची प्रथा नसल्याने कॅरोदर्स यांचा विचार होण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांच्या नावावर पन्नासांहून अधिक पेटंट आहेत. त्यांचे शोधनिबंध १९४० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि १९४६ मध्ये ड्यू पाँटने आपल्या एका प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले.