पाच भुते आणि एक म्हातारा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी एक भूत काढायला घेतले. आमच्या वसतिगृहात सध्या जपानी मांगांचे वेड आहे. तलवारी, शाप, राक्षस आणि न संपणारी रात्र यांनी भरलेल्या त्या चित्रमालिका मुले पहाटेपर्यंत जागून वाचतात. तशी एखादी मालिका आपणही काढावी असे मी आणि माझ्या एका मित्राने ठरवले. कथा त्याची, चित्रे माझी. नायक म्हणून आम्ही मुंजा निवडला. मुंज झालेला, सोडमुंज होण्याआधीच गेलेला आणि पिंपळावर वस्तीला आलेला पोरगा. मी त्याला सुळे दिले, लाल डोळे दिले, हातभर नखे दिली, आणि एवढ्याने भागेना म्हणून पाठीवर वटवाघळाचे पंखही लावले. चित्र धाकट्या बहिणीला दाखवले. ती पाचवीत आहे. हा दात घासत नाही का, एवढेच विचारून ती खेळायला निघून गेली.

सुट्टी संपल्यावर तो अपमान मनात ठेवूनच मी आमच्या ग्रंथालयात जपानी छापचित्रांचे एक जाडजूड पुस्तक चाळत होतो. एका पानावर हात थांबला. मच्छरदाणीची कड दोन हाडकुळ्या हातांनी खाली ओढून एक कवटी आत डोकावत होती. कवटीवर मांसाच्या चार चिंध्या, टाळूवर मोजके केस; डोळे मात्र जित्याजागत्या माणसाचे. सुळे नाहीत, पंख नाहीत. भर दुपारची वेळ, शेजारी ग्रंथपाल चहा पीत बसलेले, आणि तरीही मी पुस्तक मिटले. थोड्या वेळाने पुन्हा उघडून चित्रकाराचे नाव वाचले. होकुसाई.

हे नाव न ऐकलेल्यांनीही त्याची लाट पाहिलेली असते. फेसाचे पंजे उगारून उसळलेली निळी लाट, तिच्याखाली सापडलेल्या होड्या आणि दूरवर बोटभर दिसणारा फुजी पर्वत. ती लाट कपबशांपासून सदऱ्यांपर्यंत सगळीकडे छापली गेली आहे. ती लाट आणि ही कवटी जवळजवळ एकाच सुमारास एकाच हाताने काढली, आणि तेव्हा त्या हाताच्या धन्याचे वय सत्तरीच्या पुढे होते, हे वाचल्यावर मी त्या म्हाताऱ्याच्या मागे लागलो.

होकुसाईचा जन्म 1760 सालचा, एदो शहराच्या कात्सुशिका भागातला. एदो म्हणजे आजचे टोकियो. नाकाजिमा आडनावाच्या, आरसे बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरात तो वाढला. पोरवयात तो पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला लागला. पुस्तके पोचवता पोचवता त्यातली चित्रे पाहण्याचा नाद तिथेच लागला असावा. पुढे चौदाव्या वर्षाच्या सुमारास लाकडी ठसे कोरणाऱ्याकडे त्याने उमेदवारी केली. दुसऱ्याने काढलेली रेषा पटाशीने जशीच्या तशी लाकडात उतरवायची, हे ते काम. चित्रकार होण्याआधी रेषेचा हमाल झालेल्या या पोराला रेषेची किंमत बरोबर कळली, असे मला वाटते.

अठराव्या वर्षी तो कात्सुकावा शुन्शो या नामांकित चित्रकाराच्या चित्रशाळेत आला. शुन्शोची ख्याती नटांच्या चित्रांची. काबुकी नाटकांचा तो भराचा काळ होता. त्यापूर्वीच्या चित्रांत नट ओळखायचा तो बहुधा त्याच्या वस्त्रावरच्या चिन्हावरून. शुन्शोने नटाचा चेहराच ओळखू येईल असा काढायला सुरुवात केली. भूमिका कोणतीही असो, रंगाच्या थराखालचा माणूस दिसला पाहिजे. होकुसाईने 1779 पासून शुन्रो या नावाने अशी चित्रे काढली. गुरूच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात तो त्या चित्रशाळेतून बाहेर पडला. दुसऱ्या परंपरेचे धडे गिरवले म्हणून त्याला काढून टाकले, असेही सांगतात.

त्यानंतरचा त्याचा संसार म्हणजे नावांची आणि घरांची अदलाबदल. आयुष्यात त्याने तीसेक नावे धारण केली आणि टाकली. होकुसाई हे त्यांतलेच एक, आणि ते ध्रुवताऱ्याशी निगडित आहे. घरे बदलली ती त्र्याण्णव वेळा! झाडलोट करायची नाही, कागदांचा उकिरडा साचला की बिऱ्हाड हलवायचे, अशी त्याची रीत सांगतात. आमच्या वसतिगृहातील काही खोल्यांना हा आदर्श फार मानवेल.

याच काळात तो कादंबऱ्यांसाठी चित्रे काढू लागला, आणि माझ्या दृष्टीने त्याच्या चरित्राचा खरा रस इथे सुरू होतो. ताकिझावा बाकिन हा त्या वेळचा मोठा कादंबरीकार. 1807 ते 1811 या वर्षांत निघालेली, तामेतोमो या धनुर्धराच्या साहसांची त्याची दीर्घ कथा होकुसाईने चित्रांनी भरून टाकली. वीर, राक्षस, वादळे, सूडाने पेटलेले आत्मे, सगळे काळ्या आणि राखाडी शाईत. शब्द एकाचे, चेहरे दुसऱ्याचे. आजच्या कितीतरी मांगा अशाच तयार होतात. आणि भांडणेही तशीच होत असावीत. एका पात्राच्या तोंडात गवती चप्पल दाखवा असा बाकिनने आग्रह धरला, तेव्हा आधी ती स्वतःच्या तोंडात धरून दाखवा असे होकुसाईने त्याला सुनावले आणि दोघांचे फाटले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, माझ्या मित्राला मी ती मुद्दाम दोनदा सांगितली आहे.

आख्यायिकेपेक्षा मला एक पत्र अधिक मोलाचे वाटते. उतारवयात प्रकाशकाला लिहिलेल्या या पत्रात होकुसाईने ठसे कोरणाऱ्यांची तक्रार केली आहे. आपण न काढलेली खालची पापणी त्यांनी मनाने कोरू नये आणि आपल्या माणसांना उतागावा घराण्याच्या चित्रांतली नाके चिकटवू नयेत, असे त्यात बजावले आहे. शिवाय नाक कसे हवे आणि कसे नको ते काढून दाखवले आहे. उतागावा घराण्याची चित्रे त्या काळी सर्वाधिक खपत. म्हणजे बाजारात चालणारे नाक त्याच्या पात्रांना आपोआप बसत होते, आणि तेच त्याला नको होते. हे वाचताना माझ्या मुंज्याचे सुळे मला आठवले. ते मी कुठून उचलले होते, हे मला पक्के ठाऊक होते.

1812 साली तो नागोया शहरी बोकुसेन नावाच्या आपल्या शिष्याकडे मुक्कामाला होता. तिथे काढलेल्या शेकडो चित्रांतून 1814 साली एक पुस्तक निघाले, होकुसाई मांगा. मांगा म्हणजे मनात येईल तशी काढलेली, स्वैर चित्रे. आजच्या अर्थाने ती चित्रकथा नव्हे; त्यात गोष्ट नाही. कुस्तीगीर, स्नान करणाऱ्या बायका, बेडूक, पूल, ऋषी, जाड्या माणसांच्या नाना तऱ्हा, आंधळे, वारा सुटल्यावर छत्री सांभाळणारे लोक, असा तो चित्रांचा बाजार आहे. लोकांनी तो उचलून धरला, एकामागून एक भाग निघत गेले आणि त्याच्या मृत्यूनंतरचे तीन धरून ते पंधरा झाले. शेवटचा 1878 साली आला. त्यात भुतेही आहेत, पण ती इतर माणसांच्या रांगेत उभी आहेत. लांब लांब मानेच्या बायका आहेत, आणि तीन डोळ्यांच्या एका प्राण्याने तीन भिंगांचा चष्मा लावला आहे. भूत झाले म्हणून काय, म्हातारपणी नजर अधू व्हायचीच!

मग आली पडती वर्षे. 1827 च्या सुमारास त्याला पक्षाघाताचा झटका आला. लिंबाच्या जातीच्या एका फळाचा काढा घेऊन त्याने स्वतःला बरे केले, असे सांगतात. 1828 मध्ये दुसरी बायको गेली. नातू जुगारी निघाला आणि त्याची कर्जे आजोबाच्या गळ्यात पडली. ओई नावाची त्याची मुलगी एका चित्रकाराला दिली होती. ती नवऱ्याला सोडून बापाकडे परतली आणि पुढे त्याच्या अखेरपर्यंत त्याच्याजवळ राहिली. ती स्वतः उत्तम चित्रकर्ती होती. कंदिलांच्या उजेडातली तिची रात्रीची चित्रे पाहावीत. बापाला तशी साधली नाहीत असे माझे मत आहे.

अशा अवस्थेत, 1831-32 च्या सुमारास, एकीकडे फुजीची निळी चित्रे निघत असताना, त्याने भुतांची एक मालिका काढली. नाव शंभर गोष्टी. त्या काळी एदोमध्ये याच नावाचा एक खेळ लोकप्रिय होता. रात्री मंडळी जमायची, शंभर वाती लावायच्या, एकेकाने भुताची गोष्ट सांगायची आणि प्रत्येक गोष्टीला एक वात मालवायची. शेवटची वात मालवली की अंधारात खरे भूत येते, अशी समजूत. होकुसाईच्या मालिकेतली चित्रे मात्र पाचच ठाऊक आहेत, वहीच्या पानाएवढी.

मच्छरदाणीवरची कवटी कोहादा कोहेइजीची. हा बेताचा नट. त्याला भूमिका मिळायची ती भुताची. त्याच्या बायकोच्या याराने त्याला पाण्यात बुडवून मारले. तो परत येतो आणि दोघे निजली असताना मच्छरदाणीतून आत पाहतो. चित्रात ती दोघे नाहीत. तो वरून पाहतो आहे आणि मच्छरदाणीच्या आत, चित्राबाहेर, आपण आहोत. माझे पुस्तक का मिटले गेले ते मला इथे समजले.

दुसरी ओकिकु. मोलकरीण. मालकाच्या दहा मौल्यवान ताटल्यांपैकी एक फुटली म्हणून तिचा जीव गेला आणि प्रेत विहिरीत पडले. रात्री विहिरीतून नवापर्यंत मोजण्याचा आवाज येतो आणि पुढे हुंदका. ही गोष्ट तिथल्या पोराटोरांना पाठ. होकुसाईने काय केले, तर विहिरीतून वर येणारी तिची मानच एकावर एक रचलेल्या ताटल्यांची केली. केस त्या ताटल्यांभोवती ओघळले आहेत, तोंडातून धुराची एक रेघ निघते आहे, आणि चेहरा भेसूर नाही, दमलेला आहे. दिवसभर भांडी घासून बसलेल्या बाईचा.

तिसरी ओइवा, 1825 साली रंगभूमीवर आलेल्या आणि अफाट गाजलेल्या नाटकाची नायिका. शेजारच्या घरातून औषध म्हणून आलेल्या विषाने तिचा चेहरा विद्रूप होतो. नवऱ्याने फसवलेली ही बाई मेल्यावर त्याचा पिच्छा पुरवते. होकुसाईने तिला स्वतंत्र देहच दिला नाही. कागदी कंदील हेच तिचे डोके. कागदाच्या घड्या त्याच सुरकुत्या, कागद फाटला आहे तेच तोंड. उजेड द्यायची वस्तू अशी वर तोंड करून पाहू लागली तर त्या घरात दिवा कोण लावील?

चौथी हान्न्या, शिंगे असलेली राक्षसीण, हातात मुलाचे कापलेले मुंडके घेऊन हसते आहे. नो नाटकातला हान्न्याचा मुखवटा मत्सराने राक्षसीण झालेल्या बाईचा असतो. समोरून तो संतापलेला दिसतो, किंचित खाली झुकवला की रडवेला. होकुसाईने मात्र तिला हसवले आहे. पाचांत मला सर्वांत कमी आवडते ते हे चित्र. तिथे त्याने भीती जरा मोठ्या आवाजात सांगितली आहे.

पाचव्या चित्रात भूतच नाही. मेलेल्या माणसाच्या नावाची पाटी, तिच्यापुढे ठेवलेला खाऊ, पाणी, आणि पाटीला विळखा घालून बसलेला साप. चित्राचे नाव शूनेन, म्हणजे मेल्यावरही न सुटणारी आसक्ती. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग होऊन बसणाऱ्या पूर्वजाच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे चित्र कोणी समजावून सांगायला नको.

ही पाचही चित्रे समोर मांडून मी कितीतरी संध्याकाळी बसलो. ताटल्या, कंदील, मच्छरदाणी, देवापुढचा खाऊ. घरातल्याच वस्तू. जो माणूस जिथे मेला, ज्यापायी मेला, जिथे त्याचा जीव अडकला, तेच उचलून होकुसाईने त्याचे शरीर केले. गोष्टी त्याच्या नव्हत्या, शरीरे त्याची.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. 1834 साली फुजीच्या शंभर दृश्यांच्या पुस्तकात त्याने स्वतःविषयी एक मजकूर लिहिला. सत्तरीच्या आधीचे आपले सगळे काम त्याने त्यात मोडीत काढले आणि एकशेदहाव्या वर्षी आपला प्रत्येक ठिपका जिवंत होईल असा वायदा केला. दुष्काळाची वर्षे त्याने हातचित्रे विकून काढली. 1839 मध्ये घराला आग लागली आणि आयुष्यभराची कच्ची चित्रे जळाली. 1842 च्या अखेरीपासून तो रोज सकाळी एक सिंह काढू लागला, अपशकुन टाळण्यासाठी. त्यांतले दोनशेहून अधिक आजही आहेत. काही सिंह नाचतात, काही चक्क माणसांसारखे वाकून चालतात. ऐंशी ओलांडल्यावर तो ओबुसे या डोंगराळ गावी गेला आणि तिथल्या देवळाच्या छतासाठी त्याने प्रचंड फिनिक्स पक्षी रचला. 10 मे 1849 रोजी एदोमध्ये तो वारला. आणखी पाच-दहा वर्षे मिळाली असती तर खरा चित्रकार झालो असतो, अशी हळहळ त्याने मरताना व्यक्त केली म्हणतात. आणि शेवटच्या छोट्या कवितेत, आता आपण भूत होऊन उन्हाळ्यातल्या माळरानावर फेरफटका मारायला जाणार, अशी कल्पना त्याने केली आहे.

मुंज्याचे पंख मी काढून टाकले. सुळेही गेले. आईकडे चौकशी केली की मुंजीत मुलगा काय काय करतो. तिने लंगोटी, पळसाचा दंड, भिक्षावळ असे सगळे सांगितले आणि मग मातृभोजनाचे सांगितले. मुंज लागण्याआधी मुलगा आईबरोबर एका ताटात शेवटचे जेवतो. सांगताना ती मध्येच थांबली आणि भात लागेल म्हणून आत गेली.

आता पिंपळाच्या फांदीवर मी ते ताट ठेवले आहे, अर्धे जेवलेले. पोरगा त्याच्याशेजारी बसला आहे. मागच्या आठवड्यात बहिणीने ते चित्र पाहिले आणि याची आई कुठे आहे, असे विचारले. हात अजून जमत नाहीत. चौदा कागद झाले.