शिकागोच्या प्रदर्शनातले बारा दिवस

शिक्षकमित्रांनो आणि पालकहो, जानेवारी उजाडला की १२ तारखेसाठी आपण मुलांची भाषणं बसवायला घेतो. स्वामी विवेकानंद जहाजाने अमेरिकेला गेले, व्यासपीठावर उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बहुतेक भाषणांत एवढंच असतं. पण शिकागोत पाऊल ठेवल्यापासून त्या टाळ्यांपर्यंत जवळजवळ सहा आठवडे गेले होते. त्यातले पहिले बारा दिवस तर मुलांना सांगायलाच हवेत असे आहेत.

३१ मे १८९३ ला ते मुंबईहून निघाले. वय अवघं तीस. आदल्याच वर्षी ते पुण्यात लोकमान्य टिळकांच्या घरी काही दिवस राहून गेले होते. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान असा प्रवास झाला. योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या जहाजावर जमशेटजी टाटाही होते. अंगावर पुरेसे गरम कपडे नसल्याने स्वामीजी भर उन्हाळ्यात पॅसिफिकवर कुडकुडले. पुढे रेल्वेने जुलैअखेर शिकागो गाठलं.

तिथे मिशिगन सरोवराच्या काठी जगाची जत्राच भरली होती म्हणा ना! कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला त्याला चारशे वर्षं झाली, म्हणून हे प्रदर्शन. पांढऱ्याशुभ्र प्रचंड इमारती, देशोदेशीच्या वस्तू आणि यंत्रं. आपल्या गावच्या जत्रेत मुलं ज्यात बसण्यासाठी हट्ट धरतात त्या आकाशपाळण्याचा थोरला भाऊ फेरिस नावाच्या इंजिनिअरने इथेच उभारला होता. उंची २६४ फूट, ३६ डबे आणि एकेका डब्यात ६० माणसं! (मुलांना एकूण माणसांचा गुणाकार करायला लावा, मजा येते.) संध्याकाळ झाली की विजेचे हजारो दिवे लागत, रंगीत कारंजी उडत, इमारती पाण्यात उजळून दिसत. ज्या काळात बहुतेक घरांत तेलाचे दिवे होते, त्या काळातली ही गोष्ट.

स्वामीजी जवळजवळ रोज प्रदर्शनाला जात. सगळं नीट पाहायचं तर किमान दहा दिवस हवेत, असं त्यांनी मद्रासच्या आळसिंगा पेरुमल या शिष्याला पत्रातून कळवलं. पण त्या झगमगाटात फिरणाऱ्या माणसाची अवस्था काय होती? प्रदर्शनाच्या चौकशी कचेरीत त्यांना कळलं, की सर्वधर्म परिषद सप्टेंबरमध्ये आहे, ओळखपत्राशिवाय प्रतिनिधी म्हणून घेत नाहीत आणि नावनोंदणीची मुदतही संपली आहे. आता करायचं काय? जवळ होते १७९ पौंड. खर्च दिवसाला सरासरी एक पौंड. जो तो या अनोळखी पाहुण्याला लुबाडायला टपलेला. २० ऑगस्टला मोजले तर १३० पौंड उरले होते. त्यात त्यांच्या वेशाला रस्त्यावर लोक हसत. परत निघून जावं, असं एकदा नव्हे, अनेकदा त्यांच्या मनात आलं. हे त्यांनी लपवलेलं नाही, त्याच पत्रात आहे.

आता एक मराठी माणूस! प्रदर्शनात धोतर नेसलेला एक मराठी ब्राह्मण नखचित्रं विकत होता. नखाने कागदावर उठाव देऊन काढलेली ही चित्रं. कपूरथळ्याचे महाराजही तेव्हा प्रदर्शनाला आले होते आणि शिकागोतली बडी मंडळी त्यांच्याभोवती गोळा झाली होती. या चित्रवाल्याने पत्रकारांना महाराजांविषयी नाही नाही ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात रकानेच्या रकाने आले, पण बोलणारा कोण, तर भारतातून आलेला एक ज्ञानी पुरुष, म्हणजे आपले स्वामीजी! जे मनातही आलं नव्हतं ते त्यांच्या तोंडी घातलेलं, वर त्यांची भरमसाट स्तुती. खोटी बातमी मोबाईलबरोबर आली असं आपल्याला वाटतं, म्हणून हा प्रसंग मोठ्या मुलांना जरूर सांगा.

पैसे वाचावेत म्हणून स्वामीजी बोस्टनकडे निघाले. रेल्वेप्रवासात केट सॅनबोर्न या लेखिकेची ओळख झाली होती, तिने आपल्या घरी राहायला बोलावलं आणि दिवसाचा तो एक पौंड वाचू लागला. पुढे हार्वर्ड विद्यापीठातल्या प्राध्यापक राइट यांनी परिषदेच्या लोकांना पत्र लिहिलं आणि बंद झालेलं दार उघडलं. तरी शिकागोला परतल्यावर पत्ता हरवला. ती रात्र रेल्वेच्या आवारात एका रिकाम्या डब्यात काढली, असं चरित्रकार सांगतात. सकाळी भुकेल्या पोटी दारोदार फिरून दमले, तेव्हा श्रीमती हेल यांनी त्यांना घरात घेतलं.

११ सप्टेंबरला परिषद सुरू झाली, ती प्रदर्शनाच्या मैदानात नव्हे, शहरातल्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या नव्या इमारतीत. सकाळपासून बोलायची पाळी आली की स्वामीजी थोडं थांबा म्हणत आणि दुसऱ्याला पुढे जाऊ देत. भाषण लिहून आणलेलं नव्हतं, छातीत धडधडत होतं. दुपारच्या सत्रात, आणखी पुढे ढकलणं शक्यच नाही असं झालं, तेव्हा ते उठले.