पंडिता रमाबाईंस मुक्ती केव्हा लाभली?

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक आहे. तेथील मुक्ती मिशनाचे नाव आपल्या बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतही पुष्कळांच्या कानी आलेले असेल. त्या संस्थेस हे नाव देणाऱ्या पंडिता रमाबाई विधवांच्या कैवारी होत्या, संस्कृतात पारंगत होत्या, सातासमुद्रांपलीकडे जाऊन आल्या होत्या, हे सर्व आपण ऐकिले आहे. मला येथे त्यांच्या चरित्रातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. बाईंचा बाप्तिस्मा इ. स. १८८३ साली झाला, आणि त्यांचे अंतःकरण मोकळे झाले ते इ. स. १८९१ च्या सुमारास. मध्यंतरी आठ वर्षे गेली. त्या आठ वर्षांविषयी आपल्या मंडळ्यांत फारसे कोणी बोलत नाही.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, या अपराधाबद्दल त्यांस पंडितांपुढे जाब द्यावा लागला; पण त्यांनी आपला हेका सोडिला नाही. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या धाकट्या मुलीस दिली, आणि भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंस लहानपणीच मुखोद्गत झाले. पुढे घरची संपत्ती गेली. मग हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून देवळांत पुराण सांगे व मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी.

दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्यापाशी काही उरले नव्हते. मोलमजुरी करणे त्यांस शिकविलेले नव्हते आणि भीक मागणे साधेना. झाडपाला खाऊन दिवस काढिले. पिता गेले, थोड्याच काळाने माता गेली, मग थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलण्यास पुरेसे ब्राह्मण मिळेनात, म्हणून मुलीलाच भार घ्यावा लागला, असे सांगतात. ज्यांच्या प्रेताला गावात खांदा मिळत नाही त्यांचे दुःख काय असते, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस निराळे सांगावयास नको.

उरली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा. ती पायी काश्मीरपर्यंत गेली. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नसल्यामुळे त्यांनी वाळूत दोन खड्डे खणिले व त्यांत पडून तोंडाखेरीज सारे अंग कोरड्या वाळूने झाकून घेतले. एवढे व्रताचरण करूनही देवाचे दर्शन झाले नाही, म्हणून जुन्या आचारांवरील त्यांचा विश्वास ढासळू लागला.

इ. स. १८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी बाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावयाची म्हणून बाई धर्मशास्त्रे बारकाईने वाचू लागल्या. तेथे त्यांस असे आढळले की, अनेक बाबतींत या ग्रंथांचे आपसांत जुळत नाही. मात्र स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र यांस आहे त्या जन्मी मोक्षाचा अधिकार नाही, याविषयी त्यांचे एकमत आहे. ज्या विद्येबद्दल त्यांचा गौरव झाला, त्याच विद्येने त्यांस मोक्षाचे दार बंद असल्याचे सांगितले. पदवी हाती आणि दार बंद, अशी ही स्थिती.

त्याच शहरी काही ख्रिस्ती लोकांनी त्यांस संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट दिले होते. एवढी मोठी पंडिता, पण त्यांस त्या पुस्तकाची भाषा व धाटणी इतकी परकी वाटली की ते वाचणे म्हणजे काळाचा अपव्यय असे वाटून त्यांनी ते बाजूस ठेविले. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

इ. स. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे मोठा गवगवा झाला. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांस बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान सापडले, आणि ते मात्र त्यांस गोड लागले. परंतु फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन बाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व इंग्रजी शिकत असता मराठी नव्या कराराचाही अभ्यास केला. इ. स. १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या.

एके दिवशी या भगिनींनी त्यांस लंडनमधील फुलहॅम येथे नेले. वाट चुकलेल्या स्त्रियांचे तेथे प्रेमाने संगोपन होत होते. ज्यांस आपल्या देशी कोणी उंबऱ्याशी उभे करीत नाही, त्यांची सेवा या बायका का करितात, असे बाईंनी विचारिले. उत्तरादाखल त्यांस योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर पाणी मागणारा प्रभू आणि सर्वांनी टाकलेली ती बाई! शास्त्रांनी बंद असे सांगितलेले दार येथे एका स्त्रीसाठी, तेही हलक्या मानलेल्या जातीच्या स्त्रीसाठी, उघडे असल्याचे त्यांनी पाहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे पुष्कळ लोक चरित्र संपवितात. बाईंची झुंज मात्र संपली नव्हती. मठातील भगिनींची अपेक्षा अशी की, नव्या विश्वासणाऱ्या बाईने मंडळीची मते निमूटपणे मान्य करावी. बाई तर प्रत्येक मताचा आधार पवित्र शास्त्रात शोधीत. सिस्टर जेराल्डीन यांस त्या प्रेमाने आजीबाई म्हणत, आणि त्याच आजीबाईंस कडाडून विरोध करणारी पत्रेही लिहीत. चेल्टनहॅम येथे तरुण पुरुषांस शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. बाईंस ते मुळीच मानवले नाही. ब्राह्मणांचे जू मानेवरून काढिले ते पाद्र्यांचे घालून घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा बाणा होता. मी स्वतः पाळक असून लिहितो की, या वादात बाईंचीच बाजू खरी होती. तथापि वाद जिंकणे निराळे आणि शांती मिळणे निराळे.

पुढील हकिगत थोडक्यात सांगतो. इ. स. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीच्या पदवीदानास बाई अमेरिकेस गेल्या, तेथे त्यांनी विधवांसाठी साह्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडिले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नाही, असा तेथील नियम होता.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटे की बाईंस सर्व काही लाभले आहे. त्यांस मात्र आतून रिते रिते वाटे. अशा वेळी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ दीक्षा घेतलेला पाद्री होता. अनेक वर्षे दुसऱ्यांस उपदेश केल्यावर इ. स. १८५१ मध्ये एके रविवारी व्यासपीठावर उभा असताच त्यास उमगले की, आपण ज्या तारणाविषयी बोलतो ते आपणांस अद्यापि मिळालेले नाही; आणि तेथेच तो पालटला. आमच्या उपदेशक बंधूंनी या गोष्टीवर थोडे थांबावे. बाईही थांबल्या. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांस स्पष्ट दिसले.

खेड्यातील दाखला द्यावयाचा तर असा. एखाद्या कुणब्याचे कर्ज कोणी दयाळू माणसाने फेडून टाकिले आहे; पण त्यास त्याची खात्री नाही, म्हणून सावकाराचा कारकून दिसताच तो अजूनही बांधाआड लपतो. तो मोकळा आहे, तरी मोकळेपणाने चालत नाही. बाईंनी आजवर शास्त्रार्थ पुष्कळ केला होता. आता त्यांनी आपले पातक व आपला अभिमान उघडपणे प्रभूपुढे ठेविला, आणि क्षमा झाली असे मानून घेतले. लपणे संपले.

याचा परिणाम शारदासदनात दिसू लागला. बाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि ज्या मुलींस वाटे त्या आत येऊन बसत. इ. स. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांसारख्या थोर सल्लागारांनी संबंध सोडिला आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या सल्लागारांस आपला विश्वासघात झाल्यासारखे वाटले असेल, आणि ते आपण समजून घेतले पाहिजे. बाईंनी बोलाविले कोणास नाही. पण दार लावूनही घेतले नाही.

मग इ. स. १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातील उपाशी मुलींच्या वार्ता ऐकून बाईंस आपल्या आईबापांचे मरण आठवले. त्यांनी जाऊन सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणिल्या. केडगावास जमीन घेतलेलीच होती. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळात आपला मराठवाडाही होरपळला होता. त्या वेळी गुजराथेतून शेकडो अनाथ केडगावास आल्या व तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्यांसाठी, वृद्धांसाठी, वाट चुकलेल्यांसाठी निरनिराळी घरे झाली. शेती, माग, तेलाचा घाणा, छापखाना, सारे स्त्रियांच्या हाती. येथे येणारीची जात कोणी विचारीत नसे.

आता त्या संस्कृत शास्त्राची गोष्ट आठवावी. दुष्काळातून आलेल्या या मुलींस प्रचलित मराठी बायबलातील संस्कृत वळणाचे शब्द कळेनात. कलकत्त्यास आपली जी गत झाली तीच यांची होत आहे, असे बाईंस दिसले असेल. साध्या माणसाच्या मराठीत परमार्थ सांगता येतो, हे अंबाजोगाईच्या आसपास राहणाऱ्यांस कोणी पटवावयास नको. मुकुंदराजांची समाधी त्यांच्या उशाशीच आहे. परंतु बाईंनी याकरिता केलेले कष्ट विलक्षण होते. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या इब्री व ग्रीक शिकल्या आणि एकट्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. विठोबाच्या किंवा महादेवाच्या पूजेतून आलेले शब्द त्या कटाक्षाने टाळीत. खरे बोलावयाचे तर त्यांची भाषा काही ठिकाणी खडबडीत झाली आहे, आणि आपल्या बहुतेक मंडळ्यांत ते भाषांतर रुळले नाही. तरी सदऱ्यातील ज्या बाईसाठी ते केले, तिला ते कळत होते.

जुलै १८२१ नव्हे, १९२१ साली, मनोरमा वारली. सर्व कार्याचा भार जिच्यावर सोपवावयाचा तीच आधी गेली. बाईंस स्वतःस ऐकू कमी येई आणि शक्ती उरली नव्हती. तरीही त्या भाषांतराची मुद्रिते तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल इ. स. १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघाले, आणि त्याचे खिळे जुळविणाऱ्यांत दुष्काळातून आलेल्या त्या बायकाही होत्या.