थोर गणिती कै. कापरेकर गुरुजी

कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषात आकडेमोड फार असते. ती बघून दत्तात्रयालाही आकड्यांची गोडी लागली.

त्यांची शाळा ठाण्याला झाली. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. मग १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते.

गुरुजींनी काही गमतीदार संख्या शोधल्या. त्यांना त्यांनी डेम्लो संख्या असे नाव दिले. हे नाव डोंबिवली स्टेशनावरून आले, कारण तिथेच त्यांना ती कल्पना सुचली. ११ ला ११ ने गुणले की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणले की १२३२१ येतात. असेच नऊ वेळा १ लिहून त्या संख्येला तिनेच गुणले तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा आकडी संख्या येते! ती उजवीकडून वाचा नाहीतर डावीकडून, सारखीच. तिच्या आकड्यांची बेरीज ८१ होते, म्हणजे नऊ नवे एक्क्याऐंशी. म्हणून तिला ९ ने पूर्ण भाग जातो.

असं का होतं ते मी वहीत गुणाकार मांडून पाहिलं. एकाच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. मधल्या घरात नऊ एक येतात, त्यांची बेरीज ९. दोन्ही बाजूंना एकेक कमी होत जातो. दहा वेळा १ घेतला तर मधे १० होतात, हातचा येतो आणि सगळी गंमत मोडते.

गुरुजी कॉलेजात प्राध्यापक नव्हते. त्यामुळे काही मोठ्या गणितज्ञांना त्यांचे काम म्हणजे पोरखेळ वाटे. पण गुरुजी थांबले नाहीत. त्यांनी पदरचे पैसे घालून पुस्तिका छापल्या. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत शोधली. तिला आता कापरेकर स्थिरांक म्हणतात. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी एका मासिकात त्यांच्याबद्दल लिहिले. मग परदेशातही त्यांचे नाव झाले.

१९८६ साली गुरुजी वारले. त्यांच्याकडे मोठी यंत्रे नव्हती. कागद, पेन्सिल आणि आवड एवढेच होते. तेवढे तर आपल्याकडेही आहे. मित्रांनो, तुम्हीही घरी आई-वडिलांबरोबर हा गुणाकार करून बघा.

अशा या थोर गुरुजींना माझा नमस्कार!

इयत्ता ४ थी