द्वारपाल संत आल्फोन्सस

आपल्या हातून नांव राहण्यासारखें कांहीं झालें नाहीं, ही रुखरुख पुष्कळ सज्जनांस उतारवयांत लागते. ज्युबिलीच्या अंकांत देणगीदारांचीं नांवें छापिलीं जातात. पण जो वर्षानुवर्षें देवळाची घंटा वाजवितो, त्याचें नांव क्वचितच आढळतें. अशा वाचकांसाठीं आम्ही संत आल्फोन्सस रॉड्रिग्ज यांचें चरित्र येथें देत आहों.

स्पेन देशांतील सेगोविया शहरीं सन १५३२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील लोकरीचे व्यापारी. ते वारल्यामुळें विद्याभ्यास अर्धवट टाकून आल्फोन्सस यांस धंदा संभाळावा लागला. विवाह झाला, मुलें झालीं. परंतु धंदा खालावला, आणि पत्नी व मुलें एकामागून एक देवाघरीं गेलीं. चाळिशीच्या आंतच ते जगांत एकटे पडले.

त्यांनीं येशूसंघांत प्रवेश मागितला. वय वाढलेलें, शिक्षण अपुरें, प्रकृति नाजूक. म्हणून नकार मिळाला. तेव्हां हा प्रौढ मनुष्य लहान मुलांच्या बरोबरीनें लॅटिन शिकूं लागला. तरीहि धर्मगुरु होण्याइतकी विद्या साधली नाहीं. अखेर सन १५७१ मध्यें त्यांस साधे धर्मबंधु म्हणून घेण्यांत आलें. मायोर्का बेटावरील पाल्मा शहरच्या मोन्तेसिओन विद्यालयांत त्यांची रवानगी झाली, आणि तेथें दरवाजाचें काम त्यांच्याकडे आलें.

घंटा झाली कीं दार उघडावें, निरोप पोंचवावा, गरिबांस अन्न द्यावें, हाच त्यांचा अनेक वर्षांचा नित्यक्रम. दाराशीं प्रभुच उभा आहे, असें मानून ते प्रत्येक घंटेला उठत. मन मात्र सदां शांत नव्हतें. मोह व अंतःकरणाचा कोरडेपणा यांनीं त्यांस फार छळलें, हें वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्यांनीं लिहिलेल्या आत्मवृत्तावरून कळतें.

सन १६०५ मध्यें पेद्रो क्लावेर नांवाचा तरुण त्या विद्यालयांत शिकावयास आला. अमेरिकेंत जाऊन सेवा करण्याची प्रेरणा त्यास या द्वारपालानें दिली. पुढें कार्ताहेना बंदरीं क्लावेर यांनीं आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांची तीस वर्षांहून अधिक काळ सेवा केली. आल्फोन्सस ३१ ऑक्टोबर १६१७ रोजीं वारले. त्या सेवेचा बहुतेक भाग त्यांनीं पाहिला नाहीं. सन १८८८ मध्यें पोपमहाराज तेरावे लिओ यांनीं दोघांसहि एकाच दिवशीं संतपद दिलें.

कोणी म्हणेल, शेवटीं तेहि प्रसिद्ध झालेच कीं! पण क्लावेर त्या दाराशीं आलेच नसते, आणि संतपदहि मिळालें नसतें, तरी आल्फोन्सस यांचें एका दिवसाचेंहि काम वायां गेलें नसतें. ज्याला भाकर मिळाली, त्याची भूक त्याच दिवशीं भागली होती. सामान्य काम हलकें असतें, हें आम्हांस मान्य नाहीं. तें कोणासाठीं करीत आहों याचा विसर पडला म्हणजे मात्र मोठें कामहि हलकें होतें.

३१ ऑक्टोबर रोजीं वाचकांनीं आपल्या देवळांत घंटा वाजविणाऱ्या व दिवे लावणाऱ्या बंधुभगिनींस नांवानिशीं प्रार्थनेंत आठवावें, एवढीच आमची विनंति.