रंगो बापूजी गुप्ते : सातारकरांचे विलायतेतील वकील

कन्हेरीहून दक्षिणेस गेले म्हणजे नीरा नदी लागते. हीच नदी इ. स. १८१९ च्या तहाने सातारच्या राज्याची उत्तर सरहद्द ठरली होती. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने शिवाजी महाराजांचे वंशज प्रतापसिंह यांस सातारच्या गादीवर बसविले व नीरा आणि वारणा यांच्या दरम्यानचा मुलूख त्यांस दिला. वीस वर्षे त्यांनी तो चांगला चालविला. रस्ते बांधिले, पाठशाळा घातली, कागदपत्र स्वतः पाहिले.

जहागिरींवर हक्क कोणाचा, यावरून महाराजांचे व मुंबई सरकारचे वाकडे आले. पुढे पलटणीतील शिपाई फितविले, गोव्याच्या फिरंग्यांशी कारस्थान केले, असे आरोप त्यांजवर आले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक यांनी सांगितले की, एका कागदावर अपराध कबूल करून सही करावी, म्हणजे गादी राहील. महाराजांनी सही केली नाही. तेव्हा सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांस पदच्युत करून काशीस पाठविले आणि त्यांचे बंधू शहाजी यांस गादी दिली. सेनापती बाळासाहेब भोसले याच प्रवासात वाटेवर वारले. त्यांचा मुलगा महाराजांनी पुढे दत्तक घेतला.

या धन्याची दाद लावण्यास रंगो बापूजी विलायतेस निघाले. हे प्रभु गृहस्थ, दरबारी लिखापढीत मुरलेले. त्या काळी समुद्र ओलांडणाऱ्यास घरचे लोक पंक्तीला घेत नसत, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. इ. स. १८४० साली ते लंडनास पोहोंचले. बरोबरीचे वकील थोड्याच काळात परतले; हे मात्र चौदा वर्षे राहिले.

तेथे त्यांनी काय केले? अर्ज लिहिले, निवेदने छापून वाटली, कंपनीच्या भागीदारांच्या सभेत हे प्रकरण पुनःपुन्हा निघेल अशी खटपट केली. त्यांचे मागणे एवढेच होते की, महाराजांची चौकशी उघडपणे व्हावी व आरोप करणारांस त्यांजसमोर उभे करावे. हे मागणे कोणत्याही गावच्या पाटलाने रास्त म्हटले असते. जोसेफ ह्यूम व जॉन सलिव्हन यांनी त्यांची बाजू घेतली. गुलामांच्या मुक्तीसाठी इंग्लंडात व अमेरिकेत झटलेले जॉर्ज थॉम्सन हेही त्यांचे पाठीराखे झाले. परंतु मते मोजली की दर वेळी पराभव.

आक्टोबर १८४७ मध्ये महाराज काशीस निवर्तले. पुढच्या एप्रिलात शहाजीही वारले. त्यांनी मरतेसमयी घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसी यांनी नामंजूर केला व राज्य खालसा झाले. हे योग्य नव्हे असे मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचेही मत होते. धनी गेला, राज्य गेले. तरी वकील परतला नाही. राणीसाहेब व दत्तक पुत्र यांचे हक्क घेऊन तो पुनः दारोदार फिरू लागला. पैसा संपला, कर्ज झाले. अखेर कंपनीनेच कर्ज वारून त्यांस इ. स. १८५३ च्या अखेरीस परत रवाना केले. ज्यांच्याविरुद्ध फिर्याद त्यांनीच वाटखर्च द्यावा, हे त्या वृद्धास कसे वाटले असेल!

येथवर लिहिणे सोपे होते. इ. स. १८५७ साली साताऱ्यात बंडाचा कट उघडकीस आला आणि त्यात रंगो बापूजींचे नाव निघाले. कागदावर भरवसा ठेवून चौदा वर्षे झिजलेला मनुष्य शेवटी शस्त्राकडे वळला. रक्तपाताचा मार्ग आम्हांस मान्य नाही. पण अर्जाचे प्रत्येक दार कोणी लावून घेतले, हेही आम्ही विसरू शकत नाही. एवढा धीर आमच्यापैकी किती जणांनी धरिला असता, याची आम्हांस शंका आहे.

त्यांचा मुलगा सीताराम पकडला गेला. सप्टेंबर १८५७ मध्ये गेंडा माळावर ज्या सतरा जणांस देहान्त शिक्षा झाली, त्यांत तो होता. बापास धरून देणारास सरकारने बक्षीस लाविले. रंगो बापूजी मात्र कोणाच्या हाती लागले नाहीत. त्यानंतर ते साताऱ्यास उघडपणे कधीच दिसले नाहीत.