एडिसन आणि फ्यूजची तार

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले आणि भिंतींतील वायरिंगही त्यात बुडाले. जुन्या घरांतील फ्यूजचा विषय निघाला की थॉमस अल्वा एडिसन यांची आठवण होणे अपरिहार्य आहे.

ओहायो राज्यातील मिलान येथे ११ फेब्रुवारी १८४७ रोजी जन्मलेल्या एडिसन यांचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. रेल्वेत वर्तमानपत्रे विकून, पुढे तारायंत्र चालवून ते संशोधनाकडे वळले. त्यांचा १८७९ चा दिवा शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. मात्र जादा प्रवाह येताच स्वतः वितळून वीज तोडणाऱ्या तारेचे पेटंट त्यांनी १८८० मध्ये घेतले, हे क्वचितच सांगितले जाते. न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. त्याच सुमारास धनाढ्य व्हँडरबिल्ट यांच्या घरी भिंतीवरच्या कागदातील धातूच्या जरीला तारा भिडून तो धुमसू लागला. गृहस्वामिनीने सारी यंत्रणाच काढून टाकायला लावली!

प्रत्यावर्ती प्रवाह घातक असल्याचा प्रचार एडिसन यांनी हिरिरीने केला. ती लढाई ते हरले. चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या वीजगृहात आज निर्माण होते ती वीज त्याच प्रकारची. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी ते निवर्तले.

त्यांचा फ्यूज तारेला आगीपासून वाचवतो, माणसाला धक्क्यापासून नव्हे. त्यात जाड तांब्याची तार गुंडाळली, तर तेवढेही संरक्षण उरत नाही. भिजलेल्या घराला अर्थिंगची तपासणी, खराब झालेल्या वायरी बदलणे आणि ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडणारा आरसीसीबी हवा.